डंकसाठी एका पायावर उडावं की दोन? या चुका टाळा

बास्केटबॉलमध्ये डंक म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिममध्ये, म्हणजे बास्केटच्या कड्यात घालणं. ही रिम जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. तिला बोटं लागली की पोरांना वाटतं, आता जमलंच. पण हातात चेंडू आला की तीच उडी वीतभर कमी पडते. मग घाम गाळला जातो तो पायांची ताकद वाढवण्यात. बरेचदा घोळ शेवटच्या दोन पावलांत असतो.

सगळ्यात जास्त दिसते ती खिचडी: धाव एका पायाच्या उडीची आणि ऐनवेळी दोन्ही पाय टेकवायचे. वेग वाया जातो. मॅचमध्ये तर मध्येच एक पाऊल जास्त पडून ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजते, ते वेगळंच.

एका पायाची उडी वेगावर जगते. उजव्या हाताने डंक मारणाऱ्याने डाव्या पायावर उडायचं. शेवटून दुसरं पाऊल लांब, त्यात कंबर जराशी खाली. शेवटचं आखूड आणि झटपट. बहुतेक जण नेमकं उलट करतात. रिम गाठायच्या घाईत शेवटचं पाऊल लांब फेकतात, पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि ब्रेक लागतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा: पाऊल टेकताना छाती मागे झुकली असेल, तर हाच दोष. मोकळा गुडघा वर खेचला जात नसेल, तर तिथेही उंची गळते.

दोन पायांच्या उडीत पाय एकदम टेकत नाहीत. उजव्या हाताच्या खेळाडूचा साधारणपणे आधी उजवा, लगेच डावा. डावा थोडा पुढे, शरीर किंचित बाजूला वळलेलं. दोन्ही पाय रिमकडे तोंड करून धप्पकन आपटले की धावेचा उपयोग शून्य. खूप खोल बसणं हीही तशीच चूक. आणि हात! ते मागे जाऊन जोरात वर यायला हवेत. चेंडू छातीशी कवटाळून उडणारे तिथेच हरतात.

उडी कुठून घ्यायची, हेही प्रकारावर ठरतं. एका पायाची उडी पुढे नेते, म्हणून ती लांबून घ्यावी. मायकल जॉर्डनने १९८८ साली शिकागोत फ्री थ्रो लाइनवरून (फाउलनंतर मोकळा फेक घेतात त्या रेषेवरून) मारलेला डंक एका पायावरचा होता. व्हिन्स कार्टरने २००० साली ओकलंडमध्ये हवेत गिरकी घेत मारलेला पहिला डंक दोन पायांवरचा. दोन पायांची उडी जास्त सरळ वर जाते, त्यामुळे थोडी जवळून चालते. पण रिमच्या अगदी खाली शिरलात, तर चेंडू खालून रिमलाच आदळणार.

लाडक्या खेळाडूची नक्कल करण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही पद्धतींनी बोर्डला, म्हणजे रिममागच्या फळीला हात लावून बघा. हात जिथे जास्त वर जातो ती आपली. मग आधी टेनिस बॉल, नंतर व्हॉलीबॉल, शेवटी बास्केटबॉल. आपल्याकडे पुष्कळ कोर्ट सिमेंटची आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, तर उड्या थांबवा आणि दुखणं राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.