गोल्फच्या पात्रता स्पर्धेची तयारी कशी करावी?

देशांतर्गत व्यावसायिक मालिकेत, म्हणजे पीजीटीआयमध्ये (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया), खेळू इच्छिणाऱ्यांसाठी पात्रता स्पर्धा घेतली जाते. तिचे ताजे माहितीपत्रक आधी नीट वाचावे, कारण शुल्क आणि उपलब्ध जागा त्यातूनच कळतात. मराठवाड्यातील खेळाडूने सरावासाठी पुण्याच्या १८ होलच्या मैदानावर किमान सलग चार दिवस काढावेत; एका उत्तम फेरीपेक्षा थकल्यावरची चौथी फेरी खरी परीक्षा घेते. लातूर-बीडच्या उन्हाची सवय येथे उपयोगी पडते. मात्र काळ्या मातीच्या टणक रानावर मारलेले फटके मऊ ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू कुठे थांबेल हे शिकवत नाहीत, म्हणून निम्मा वेळ पटिंगला, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच होलकडे घरंगळवण्याला, द्यावा.

नियमांतील चूक फटक्याच्या चुकीहून महाग पडते. पिशवीत १४ पेक्षा जास्त क्लब (गोल्फच्या काठ्या) नसावेत, हरवलेला चेंडू ३ मिनिटांतच शोधावा आणि टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, वेळेआधी पोहोचावे, कारण पाच मिनिटांपर्यंतच्या उशिरालाही दोन फटक्यांचा दंड आहे. फेरी संपताच सावलीत बसून मार्करने, म्हणजे आपले फटके कार्डावर नोंदवणाऱ्याने, लिहिलेला प्रत्येक होलचा आकडा स्वतःच्या नोंदीशी बोट ठेवून ताडावा. पाचाच्या जागी चार लिहिलेले कार्ड सही करून दिल्यास खेळाडू सहसा बाद होतो, मग चूक मार्करची का असेना. बेरीज मात्र स्पर्धेची समितीच करते.