सामायिक एएस क्रमांकावरचे ग्राहक जोडण्याआधी

एकाच इंटरनेट प्रोव्हायडरला जोडलेल्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच एएस क्रमांक (इंटरनेटवर एखाद्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) देण्याची पद्धत जुनी आहे. १९९८च्या आरएफसी २२७० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये ती मांडलेली आहे. क्रमांकांची बचत होते, पण या ग्राहकांना एकमेकांचे रूट (पोचायच्या वाटा) बीजीपीतून, म्हणजे नेटवर्क्स एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलमधून, मिळत नाहीत. बाकी इंटरनेट सुरळीत चालतं, त्यामुळे बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून लिंक चालू करण्याआधीच विचारून घ्या, यांच्यात आपापसात ट्रॅफिक असणार का? ‘नाही’ म्हणाले तरी पुढची तयारी सोडू नका. उद्या एकाचा मेल सर्व्हर दुसऱ्याला मेल पाठवणारच.

मग पाथ, म्हणजे रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या क्रमांकांची यादी, कागदावर लिहून काढा. समजा प्रोव्हायडर ६४५०० आणि सामायिक क्रमांक ६४५१२. पहिल्या ग्राहकाचा १९८.५१.१००.०/२४ हा पत्त्यांचा ब्लॉक दुसऱ्याच्या राउटरवर पोचतो तो ‘६४५०० ६४५१२’ असा पाथ घेऊन. राउटरला त्यात आपलाच क्रमांक दिसतो आणि लूप समजून तो रूट टाकून देतो. प्रोव्हायडरकडे जुनॉस (ज्युनिपरच्या राउटरवरची प्रणाली) असेल तर ‘ॲडव्हर्टाइज-पीअर-एएस’ लावल्याशिवाय रूट मुळात पाठवलाच जात नाही. तेव्हा दोन्ही टोकं बघा, नाहीतर ग्राहकाच्या राउटरवर उगाच शोधाशोध होते.

माझं मत विचाराल तर पहिला पर्याय डिफॉल्ट रूटच, म्हणजे नेमकी वाट माहीत नसेल ते सगळं प्रोव्हायडरकडे पाठवणारा एकच रूट. ग्राहकाची बाहेर जायची वाट एकच आहे, त्याला पूर्ण टेबल (इंटरनेटवरचे सगळे रूट) घेऊन करायचंय काय? तरीही हट्टाने घेतलंच, तर सोबत डिफॉल्ट हवाच. ग्राहकाने युआरपीएफ, म्हणजे पॅकेटच्या सोर्स पत्त्याकडे परत जायचा रूट आहे का ते बघणारी तपासणी, लावलंय का तेही तपासा. लूज मोडमध्येसुद्धा (रूट कुठल्याही लिंकवरून असला तरी चालतो असा सैल प्रकार), नेमका रूट नसेल आणि ‘अलाउ-डिफॉल्ट’ दिलेलं नसेल, तर शेजारच्या ग्राहकाची पॅकेट्स आत येताना गळतात. डिफॉल्ट असूनही एकाच दिशेने बोंब का, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

नेमके रूटच हवे असतील तर प्रोव्हायडरच्या बाजूने ‘एएस-ओव्हरराइड’ बरं पडतं. ६४५१२ च्या जागी प्रोव्हायडरचा क्रमांक बसतो, पाथ ‘६४५०० ६४५००’ होतो आणि ग्राहकाच्या राउटरला हात लावावा लागत नाही. मात्र एखाद्या ग्राहकाच्या दोन लिंक असतील तर त्याचाच रूट दुसऱ्या लिंकवरून त्याच्याकडे परत येऊ शकतो, कारण लूप ओळखायची खूणच आपण पुसलेली असते. तिथे साइट ऑफ ओरिजिन, म्हणजे रूट कुठल्या साइटवरून निघाला ते सांगणारी खूण, लावा. ‘अलाउएएस-इन’, म्हणजे पाथमध्ये आपला क्रमांक ठरावीक वेळा आला तरी चालवून घ्यायची सेटिंग, मला त्यामानाने कमी आवडते, कारण ती प्रत्येक ग्राहकाकडे लावत बसावी लागते. सिस्कोवर आकडा दिला नाही तर तो ३ धरला जातो; १ द्या. पण आधी कुणी प्रीपेंड करतं का, म्हणजे आपला क्रमांक पाथमध्ये मुद्दाम पुन्हा जोडतं का, ते विचारा. पहिल्या ग्राहकाने आपला क्रमांक दोनदा जास्तीचा जोडला तर तो पाथमध्ये तीनदा येतो, आणि १ वर अडवला जातो.

फिल्टर प्रीफिक्सवरच (पत्त्यांच्या ब्लॉकवरच) लिहा. एएस-पाथ बघून इथे कुठला ग्राहक ते कळतच नाही, ओळखीसाठी कम्युनिटी, म्हणजे रूटला लावायची चिठ्ठी, लावा. क्रमांक खाजगी असेल, म्हणजे ६४५१२ ते ६५५३४ मधला किंवा ४२००००००००च्या पुढच्या राखीव पट्ट्यातला, तर बाहेर ॲनाउन्स करताना तो काढून टाका. मग मूळ एएस प्रोव्हायडरचा दिसतो, म्हणून आरओए, म्हणजे हा ब्लॉक कुठला एएस ॲनाउन्स करू शकतो याची सही केलेली नोंद, तीसुद्धा त्याच क्रमांकाची हवी. कुणी दुसरा प्रोव्हायडर घेणार असेल तर त्याला या व्यवस्थेतून काढून स्वतःचा क्रमांक घ्यायला सांगा.

शेवटी पिंग करून बघा, पण सोर्स ॲड्रेस ग्राहकाच्या स्वतःच्या ब्लॉकमधला द्या आणि समोरचा पत्ताही समोरच्या ग्राहकाच्या ब्लॉकमधलाच निवडा. लिंकचे आयपी सहसा प्रोव्हायडरच्या ब्लॉकमधले असतात, त्यांच्यावरून पिंग झालं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. आणि हे दोन्हीकडून करा.