जुन्या गाडीचे काटे खोटं दाखवतायत? डॅशबोर्ड खोलायच्या आधी एवढी तयारी करून बसा

भावांनो, दारात जुनी जीप असू दे, ॲम्बेसेडर, पद्मिनी नायतर सुरुवातीची मारुती 800, तिचा पेट्रोलचा काटा झोपून राहिला असेल किंवा टेंपरेचरचा काटा उगाच वर पळत असेल तर पहिलं म्हणजे नवीन मीटर आणायला पळू नका. जुन्या गाडीचं ओरिजिनल मीटर सहज मिळत नाही, जे मिळतं ते सेंडरशी (म्हणजे इंजिनात किंवा टाकीत बसून मीटरला आकडा पाठवणारा छोटा पार्ट) जुळेलच असं नाही, आणि बऱ्याच वेळा मीटर चांगलंच असतं, बिघाड असतो अर्थिंगमध्ये (म्हणजे बॉडीमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडं जाणाऱ्या जोडणीत), कनेक्टरमध्ये नायतर सेंडरमध्ये. मीटर सगळ्यात शेवटी. हे काम मे महिन्यात उरकून घ्या असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा आपल्या कोल्हापूरकडचा पाऊस सुरू झाला की कनेक्टरमध्ये ओल धरते आणि आज एक दोष तर उद्या दुसरा, मग खरा कुठला ते कळत नाही.

हत्यारं काढायच्या आधी एक वही घ्या आणि गाडी जशी आहे तशीच चालवून काय काय होतं ते लिहा. एकच काटा बिघडलाय का दोन-तीन एकदम? एकदमच मेले असतील तर फ्यूज, डॅशबोर्डची अर्थ वायर नायतर स्टॅबिलायझर (मीटरला जाणारा व्होल्ट कमी करणारी छोटी डबी, तिच्याबद्दल पुढं सांगतो), म्हणजे सगळ्यांची सामाईक जागा. एकच बिघडला असेल तर त्याचा सेंडर किंवा त्याची वायर. हेडलाईट लावल्यावर काटा हलतो का, इंडिकेटर टाकला की त्याच्या तालावर नाचतो का, खड्ड्यात गाडी आदळली की जागेवर येतो का, इंजिन थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर चुकीचा असं होतं का, सगळं लिहा. इंडिकेटरच्या तालावर काटा हलला तर जवळजवळ खात्रीनं अर्थिंग कमजोर आहे असं समजा. हे कागदावर असलं की वायरिंगवाल्याकडं गेलात तरी निम्मं काम झालेलं असतं, नाहीतर तो बिचारा अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसतो आणि बिल आपल्या माथी.

सामानात एक साधा मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, एक हातभर लांब जादा वायर दोन्हीकडं क्लिप लावलेली, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, वायरला नंबर लावायला मास्किंग टेप, दहाचा पाना, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला डबा. गाडीचं वायरिंग डायग्राम मिळालं तर प्रिंट काढून ठेवा, मोबाईलवर बघत काम करायला गेलं की हात काळे आणि स्क्रीन बंद. फ्यूज त्याच अँपिअरचे जादा आणा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची सवय अजूनही दिसते आणि ती सरळ आगीला आमंत्रण आहे. आणि मोबाईल कशाला लागणार, तर डॅशबोर्डच्या मागचा फोटो काढायला, प्रत्येक वायर काढायच्या आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मीटर पॅनेल हलवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, यात कंटाळा नाही. जुन्या जीपमध्ये ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा मीटर असतो, त्यातून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो आणि मागचा जाड स्टड बॉडीला लागला तर वायरिंग पेटायला वेळ लागत नाही. पॅनेल सुटल्यावर टेस्टिंगपुरती बॅटरी परत जोडायची तेव्हा उघडे टोक टेपनं झाकून मगच.

बॅटरी आधी मोजून घ्या. इंजिन बंद असताना चांगली चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. पंधराच्या वर जात असेल तर मीटरचा विषय बाजूला ठेवा, चार्जिंगचा रेग्युलेटर आधी बघा. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मीटर पॅनेलच्या बॉडीला लावून लाईट चालू करून बघा, पॉइंट दोन व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग घासायला घ्या. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा दोन अर्थ वायरी असतात, दोन्ही काढून पॉलिश पेपरनं चकचकीत करून परत आवळा. पॅनेलसाठी एक वेगळी अर्थ वायर थेट चांगल्या जागेवरून ओढली तर फारच उत्तम, शंभर-दीडशे रुपयांत होणारं काम आणि निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. कोल्हापुरात जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर ती 2005, 2019 नायतर 2021 च्या पुरात उभी होती का हे विचारून घ्या. शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, दुधाळी या भागात पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा गाड्या पाण्यात होत्या. अशी गाडी वरून धुऊन रंगवून छान दिसते पण कनेक्टर उघडला की आत हिरवा थर. तसं असेल तर सेंडर तपासायच्या आधी प्रत्येक कनेक्टर उघडून साफ करायची मनाची तयारी ठेवा, दुसरा मार्ग नाही.

स्टॅबिलायझरबद्दल थोडं. बऱ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचरच्या मीटरला थेट 12 व्होल्ट जात नाहीत, मधे एक छोटी डबी असते ती करंट सारखा चालू-बंद करून सरासरी कमी व्होल्ट देते, ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत सरासरी 10 आणि अमेरिकन वळणाच्या काही जीपमध्ये 5 च्या आसपास. म्हणून तिथं मल्टिमीटर लावला की आकडा उड्या मारतो, ते बघून घाबरू नका, टेस्ट लॅम्प लुकलुकला म्हणजे डबी जिवंत आहे. लॅम्प एकसारखा फुल पेटून राहिला तर डबी आत चिकटलीय किंवा तिची अर्थ गेलीय, आणि मग दोन्ही काटे वर पळतात. काही डब्या एका ठराविक बाजूनेच उभ्या बसवायच्या असतात, तर काढताना वरची बाजू खूण करून ठेवा.

टेंपरेचर आणि ऑइल या दोन काट्यांवर मी जास्त वेळ घालवा म्हणेन. पेट्रोलचा काटा चुकला तर फार तर रस्त्यात ढकलावं लागेल, पण हे दोन चुकले आणि तुम्ही कोकणातून येताना करूळ नायतर आंबा घाट चढत असाल तर हेड गॅस्केट नाहीतर बेअरिंग जाईल. टेंपरेचर सेंडरची वायर काढा, इग्निशन ऑन करून ती वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला मधे 12 व्होल्टचा छोटा बल्ब लावून दोन-चार सेकंद टेकवा. काटा गरमकडं गेला आणि वायर सुटी केल्यावर थंडकडं आला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, संशय सेंडरवर. ज्या गाडीत मीटरला सिग्नल कॉम्प्युटरकडून येतो तिथं हा प्रयोग अजिबात करायचा नाही. सेंडर काढून गरम पाण्यात धरा आणि रेझिस्टन्स मोजा, पाणी तापेल तसा आकडा एकसारखा कमी होत जायला पाहिजे. थर्मामीटर लावून बघणार असाल तर आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर पाणी 98 अंशाच्या आसपासच उकळतं, 100 दिसलं नाही म्हणून थर्मामीटरवर शंका नको. सेंडर परत बसवताना आट्यांवर टेफलॉन टेप भरपूर गुंडाळू नका, सेंडरला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळते. आणि काटा सारखा थंडच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला नाही ना बघा, रेडिएटरची पाण्याची पातळी पण बघा. पाणी कमी झालं आणि सेंडर हवेत राहिला तर इंजिन उकळत असतानाही काटा खालीच दाखवतो, हे लई धोक्याचं आहे.

ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला तर आधी इंजिन बंद, मग विचार. ऑइलची पातळी बघा, आणि इलेक्ट्रिक मीटरवर विश्वास ठेवायच्या ऐवजी सेंडरच्या जागी थोडा वेळ साधं मेकॅनिकल प्रेशर मीटर लावून खरा आकडा घ्या. जुन्या इंजिनला हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा ढोबळ अंदाज, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. आटे जुळत नसतील तर जबरदस्ती करू नका, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात लेथवाल्याकडं सेंडर नमुन्याला घेऊन जा, ॲडाप्टर करून देतील.

पेट्रोल टाकीच्या कामाला टाकी पाव भरायच्या आत असताना बसा, उघड्यावर, बॅटरी काढून, शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवून, बिडी-सिगरेट आणि उघडा बल्ब लांब. वायर टेकवून बघायचा प्रयोग टाकीपाशी करायचा नाही, डॅशबोर्डकडच्या टोकाला करा, ठिणगी तिथं पडली तर चालेल, टाकीवर नाही. सेंडरची रिंग पितळेच्या किंवा लाकडाच्या तुकड्यानं ठोकून सोडवा. बाहेर काढल्यावर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, हलवून कानाशी धरा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला भोक. मग मल्टिमीटर लावून दांडी हळू वर-खाली करा, आकडा सलग बदलायला पाहिजे, मधेच तुटला तर तार झिजलीय. काही गाड्यांत टाकी भरली की रेझिस्टन्स वाढतो, काहींत कमी होतो, म्हणून दुसऱ्या गाडीचा सेंडर नुसता बसतोय म्हणून घेऊ नका. नवीन गॅस्केट आधीच आणून ठेवा.

स्पीडोमीटरचं सोपं आहे. किलोमीटर पडतायत पण काटा मेला तर दोष मीटरच्या डोक्यात, दोन्ही बंद असतील तर केबल तुटलीय नाहीतर गिअरबॉक्सकडचं छोटं गिअर झिजलंय. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी किंवा कुठंतरी जास्त वाकलेली. आतली तार काढून पुसून हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडच्या टोकाचे काही सेंटिमीटर कोरडेच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातं.

सगळं परत बसवताना चार्जिंगचा लाल दिवा विसरू नका, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, बल्ब सैल राहिला तर काटे सगळे बरोबर आणि बॅटरी उतरलेली अशी नवीनच भानगड. मग पेट्रोल पाच-पाच लिटर टाकत काटा कुठं येतो ते वहीत लिहून घ्या, आणि गाडी ज्योतिबाच्या चढावर नेऊन आणा, वर पोचल्यावर टेंपरेचरचा आकडा, ऑइलचा आयडलिंगचा आकडा आणि लाईट लावल्यावर काटे हलतात का हे तीनही लिहा. लाईट लावल्यावर अजून हलत असतील तर पॅनेलची अर्थ वायर परत एकदा उघडा.