त्रयीचा उदास शेवट पचवताना

चिनी लेखक लिउ त्सिशिन यांच्या विज्ञानकादंबऱ्यांच्या त्रयीचा २०१० साली आलेला तिसरा खंड ('डेथ्स एंड') मिटल्यावर मन सुन्न झाले, तर लगेच दुसरे पुस्तक हाती घेऊ नये. अवघी सूर्यमाला चित्रासारखी सपाट होऊन संपते, हे पचायला मला तरी चार दिवस लागले. नेमके काय बोचते आहे, ते वहीत लिहून काढावे: मानवजातीचा अंत, की नायिका चंग शिन आणि तिच्यावर प्रेम करणारा युन तिआनमिंग यांची कायमची हुकलेली भेट? माझ्या वहीत भेटच निघाली. मग शेवटची पाने सावकाश पुन्हा वाचावीत. आश्रयाला मिळालेल्या छोट्या विश्वातले वस्तुमान मोठ्या विश्वाला परत करताना चंग शिन तिथे फक्त ५ किलोंचा एक पारदर्शक गोल मागे ठेवते, आणि त्यात इवलेसे मासे पोहत असतात. भरल्या डोळ्यांनी पहिल्यांदा वाचताना तो गोल नजरेतून निसटतो. बोलायचे झाल्यास त्रयी वाचलेल्या माणसाशीच बोलावे, कारण एरवी कथानक समजावण्यातच जीव दमतो आणि दुःख तसेच राहते.