कोल्हापूरातनं मालवण करायचं असंल तर

पहाटे पाचला निघा, उशीर केला की किल्ल्याच्या होडीला गर्दी गावते. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असं जावा, घाटात पहाटे धुकं असतंय तेवढं जपून. मालवणात पोचलं की आधी धक्क्यावर जाऊन सिंधुदुर्ग किल्ला, कारण दुपारी तटावर ऊन सोसत नाही. होडीवाले साधारण तासभरच देतात, म्हणून आत शिरलं की पहिल्यांदा शिवराजेश्वर मंदिर गाठा, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि दरवाज्याजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेला शिवाजी महाराजांच्या हाताचा ठसा नक्की बघा, मी तिथं गेलो की गप्पच होतो. १६६४ ला किल्ल्याचा पाया घातला आणि चहूबाजूनं खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं, लहान पोरांना हे आवर्जून दाखवा.

जेवायला सुरमई थाळी, सोलकढी परत मागून घ्या. संध्याकाळी तारकर्ली नायतर देवबागचा संगम, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं प्रवाहाला ओढ असते, पोहायला उतरू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरच जावा.