बुद्धिबळाचा घोडा चिरू नये म्हणून

दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला विश्वचषक नागपूरला आणला, तेव्हापासून आमच्या गावातही पट मांडले जातात. घरीच सोंगट्या घडवायच्या असतील तर लाकडाची घाई करू नका. पावसाळ्यात कापलेलं, वरून कोरडं दिसणारं सागवान आपल्या मे महिन्यात हमखास तडकतं. माझे दोन वजीर असेच गेले. ठोकळे जरा मोठे कापा, दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड हात द्या आणि सावलीत ठेवा. उन्हात नाही! दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की लाकूड तयार. काळ्या सोंगट्यांना शिसम, पांढऱ्यांना हळदू. रंग लावायची गरजच पडत नाही.

राजा साडेनऊ सेंटिमीटर, त्याचा तळ चार-साडेचार, पटाचं घर साडेपाच. एका घरात चार प्यादी बसली की माप जमलं.

बाकी सोंगट्या लेथवर निघतात, घोडा मात्र हातानेच कोरावा लागतो. लाकडाचे रेषे उभे ठेवा, नाहीतर मान मोडते. तळाचं भोक ठोकळा चौकोनी असतानाच पाडा, नंतर तो शिकंजात धड बसत नाही. सोंगटीला वजन यावं म्हणून भोकात लोखंडी नट अ‍ॅरल्डाइटने बसवा. तोंड जमत नसेल तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडे जा. नाकपुडी कशी काढायची, ते त्याला विचारावं.