लघुग्रह धडकणार, नासा लपवतंय: असा मेसेज आला की काय तपासायचं

असा मेसेज आला की फॉरवर्ड करायच्या आधी दहा मिनिटं काढा, तेवढ्यात बरंचसं कळतं, आणि त्यासाठी फिजिक्स शिकलेलं असायची अजिबात गरज नाही.

पहिलं म्हणजे अंतर बघा. "पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार" म्हणजे नक्की किती किलोमीटरवरून? चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किमी लांब आहे, तेच माप धरायचं. "संभाव्य धोकादायक लघुग्रह" हे लेबल लागायला त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या साधारण 75 लाख किमीच्या आत आली आणि आकार अंदाजे 140 मीटर किंवा जास्त असला की पुरतं, म्हणजे चंद्राच्या जवळपास वीसपट अंतर, त्यामुळे नुसत्या त्या लेबलवरून घाबरायचं काही कारण नाही. खरंच जवळून जाणारा बघायचा असेल तर अपोफिस आहे, 13 एप्रिल 2029 ला तो जमिनीपासून जेमतेम 32 हजार किमीवरून जाणार आहे, आणि तोही धडकणार नाही हे नक्की झालंय.

हे सगळं नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या सीएनईओएस (पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडांचा हिशोब ठेवणारं केंद्र) या साइटवर उघडं आहे. क्लोज अप्रोचचा, म्हणजे कोण किती जवळून जाणार याचा, तक्ता उघडा, त्यात तारीख, अंतर, अंदाजे आकार मिळतो. सेंट्री नावाची यादी वेगळी, तिच्यात पुढच्या शंभरेक वर्षांत धडकायची थोडी जरी शक्यता असेल तेच लघुग्रह असतात. मेसेजमधलं नाव सेंट्रीत नसेल तर विषय संपला.

नाव असेल तर मात्र टक्केवारी नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 2024 वायआर4 हा साधारण 60 मीटरचा लघुग्रह डिसेंबर 2024 मध्ये सापडला, 22 डिसेंबर 2032 ला धडकायची शक्यता वाढत वाढत फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांवर गेली आणि मग काही दिवसांतच जवळपास शून्य झाली. लगेच लोक म्हणायला लागले की बघा, दाबलं प्रकरण! पण गणित असं आहे की सुरुवातीला निरीक्षणं कमी असतात, म्हणून त्या दिवशी तो कुठे असेल याचा पट्टा लाखो किमी लांब निघतो आणि पृथ्वी त्यात एक छोटासा ठिपका असते. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो, पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा आपोआप वाढतो, आणि शेवटी पट्टा सरकून पृथ्वी बाहेर पडली की आकडा धाडकन खाली. तेव्हा आकडा वाढतोय म्हणजे दगड आपल्याकडे वळला असं नसतं.

आता "लपवतायत" चं बघू. स्वतःला एवढंच विचारा, की ही माहिती एकाच संस्थेकडे आहे का? 3आय/अ‍ॅटलस या धूमकेतूचे फोटो नासाच्या मंगळाभोवतीच्या यानाने ऑक्टोबर 2025 च्या सुरुवातीला काढले पण अमेरिकन सरकारचं शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज बंद, चालू होतं म्हणून ते 19 नोव्हेंबरला आले, आणि मधल्या काळात एलियनच्या यानाच्या गोष्टी जोरात पसरल्या. पण युरोपच्या ईएसए या अंतराळ संस्थेने मंगळाभोवतीच्याच आपल्या यानातून काढलेले त्याचे फोटो 7 ऑक्टोबरलाच दिले होते! शिवाय जगभरातले हौशी लोकसुद्धा आपापल्या दुर्बिणींतून त्याच्यावर नजर ठेवून होते. आकाश कुणा एकाच्या कुलपात नाही हो.

चांद्रमोहीम खोटी होती म्हणणाऱ्यांचा, तिथल्या फोटोत तारे का नाहीत, हा तर नेहमीचाच प्रश्न, तो घरीच तपासता येतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये पौर्णिमेच्या चंद्रावर शटर उघडं राहायचा वेळ इतका कमी करा की त्याच्यावरचे डाग दिसायला लागतील, आजूबाजूचे तारे फोटोत येणारच नाहीत. चंद्राची जमीनही अशीच उन्हात चकचकीत होती, म्हणून तिथेही शटरचा वेळ कमीच ठेवावा लागला.

फिजिक्सच्या "आइन्स्टाइन चुकला" टाइप बातमीत दुसऱ्या टीमने तेच मोजलंय का ते शोधा. आइन्स्टाइनच्या मते प्रकाशापेक्षा वेगवान काही नसतं, पण 2011 मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगात न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले, त्या लोकांनी स्वतःच ते जाहीर करून बाकीच्यांना तपासायला सांगितलं, शेवटी फायबर केबल नीट बसली नव्हती असं निघालं, आणि 2012 मध्ये शेजारच्याच इकारस प्रयोगात वेग प्रकाशापेक्षा जास्त आला नाही.

ग्रुपवर उत्तर देताना पाठवणाऱ्याला वेड्यात काढू नका, तो बहुतेक वेळा खरंच घाबरलेला असतो. त्या लघुग्रहाचं नाव, तारीख, अंतर आणि तक्त्याची लिंक एवढंच टाका.